इच्छास्वातंत्र्याचा प्रश्न मेंदूविज्ञानाच्या आधारे कसा तपासावा

आपण हात उचलायचे ठरवतो त्याच्या आधीच मेंदूने ते ठरवलेले असते, तेव्हा इच्छास्वातंत्र्य हा निव्वळ भ्रम आहे, हे विधान आता सर्वतोमुखी झाले आहे. इंदुरात रामबागेतल्या एखाद्या घरी कॉलेजात शिकणारा नातू ते ठामपणे मांडतो आणि आजोबा, "आम्ही तरी दुसरे काय सांगत होतो, करविता धनी वेगळाच असतो," असे म्हणून त्याला दुजोरा देतात. एक प्रयोगशाळेच्या वाटेने आणि दुसरा प्रारब्धाच्या वाटेने एकाच मुक्कामी पोहोचतो, आणि विषय तिथेच संपतो. माझ्या मते तो तिथे संपू नये, कारण ज्या प्रयोगांच्या आधारावर हा निकाल दिला जातो ते प्रयोग इतके मोठे ओझे पेलू शकत नाहीत; आणि ते नीट वाचले, तर आपण स्वातंत्र्य चुकीच्या ठिकाणी शोधत होतो असे दिसू लागते. व्याख्यानमाला आणि वाचनगट यांची जुनी सवय असलेल्या या शहरात चार-सहा जणांनी मिळून हा विषय कसा तपासावा, याची एक पद्धत पुढे दिली आहे. एकट्याने करायचे असेल तरी ती चालते. त्यासाठी एक वही, सेकंदकाटा असलेले भिंतीवरचे घड्याळ आणि स्वतः घेतलेला एक खरा, महत्त्वाचा निर्णय एवढेच लागते.

प्रश्न आधी वेगळा करावा

पहिल्या बैठकीत कोणाचेही मत विचारू नये. "इच्छास्वातंत्र्य आहे का" या एका वाक्यात निदान तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात, ते आधी सोडवून वहीत वेगवेगळे लिहावेत. जगातील प्रत्येक घटना आधीच्या कारणांनी पूर्णपणे बांधलेली आहे का, हा पहिला प्रश्न. माणसाने जाणीवपूर्वक केलेला विचार त्याच्या कृतीच्या कारणांपैकी एक असतो का, की कृती घडून गेल्यावर तो नुसता साक्षीदार म्हणून हजर होतो, हा दुसरा. आणि माणसाला त्याच्या कृतीबद्दल जबाबदार कधी धरावे, हा तिसरा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मेंदूच्या प्रयोगशाळेत मिळत नाही. तो भौतिकशास्त्राचा आणि तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. अणूंच्या पातळीवर अनिश्चितता असते, म्हणून माणूस स्वतंत्र आहे, असा युक्तिवाद बैठकीत कोणीतरी हमखास करतो. त्यावर फार वेळ घालवू नये. जो निर्णय केवळ योगायोगाने घडला, तो कारणांनी बांधलेल्या निर्णयापेक्षा अधिक माझा ठरत नाही, एवढे लक्षात आले की पुरे.

प्रयोगांचा संबंध येतो तो दुसऱ्या प्रश्नाशी, आणि तिथे भाषेकडे बारीक लक्ष द्यावे लागते. "मी नाही, माझ्या मेंदूने ठरवले" असे म्हणताना मेंदूच्या बाहेर कुठेतरी एक निराळा "मी" बसलेला आहे, असे आपण न बोलता गृहीत धरलेले असते. विचार करणे, आठवणे, दोन पर्याय तोलणे ही सगळी कामे जर सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींच्या या अवयवातच चालत असतील, तर मेंदूने ठरवले हे माझ्या ठरवण्याचेच वर्णन झाले, त्याचे खंडन झाले नाही. आत्मा वेगळा मानणाऱ्या वाचकांना हे मान्य होणार नाही, आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगून पुढे यावे. परंतु प्रयोगांचे वाचन त्यांनाही करावेच लागेल.

घड्याळासमोर बसून पाहावे

या वादाच्या मुळाशी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये काम करणारे शरीरक्रियाशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांचा १९८३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. ऐच्छिक हालचालीच्या आधी डोक्यावरील इलेक्ट्रोडवर विद्युत्दाबाचा एक मंद चढ नोंदला जातो, हे जर्मनीतील हान्स कोर्नहुबर आणि लुडर डीके यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केले होते. त्याला रेडिनेस पोटेन्शियल म्हणतात. लिबेट यांनी प्रयोगात भाग घेणाऱ्यांना मनात येईल तेव्हा मनगट किंवा बोटे झटकन हलवायला सांगितले, आणि समोरच्या घड्याळावर २.५६ सेकंदांत एक फेरी पूर्ण करणारा प्रकाशाचा ठिपका, हालचाल करावीशी वाटली त्या क्षणी कुठे होता, ते आठवून सांगायला सांगितले. विद्युत्दाबाचा चढ हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी सुरू होत होता, तर हालचाल करण्याची इच्छा सुमारे २०० मिलिसेकंद आधी जाणवत होती. मधल्या साधारण ३५० मिलिसेकंदांवर पुढची सगळी चर्चा उभी आहे.

हा प्रयोग वाचून सोडू नये, त्याची नक्कल करून पाहावी. मेंदूतील विद्युत् क्रिया टिपणारे ईईजीचे यंत्र घरात नसते आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा एका फेरीला साठ सेकंद घेतो, त्यामुळे मोजमाप होणार नाही. परंतु आपला हेतू मोजमापाचा नाही. एकाने घड्याळासमोर टेबलावर तळहात टेकवून बसावे, कोणताही बेत न आखता मनात येईल तेव्हा तर्जनी उचलावी, आणि उचलावीशी वाटली तेव्हा काटा कुठे होता ते सांगावे. दुसऱ्याने बोट प्रत्यक्ष उचलले गेले ती वेळ टिपावी. दहा-पंधरा वेळा झाल्यावर जागा बदलाव्यात, आणि त्यानंतर प्रत्येकाने इतरांशी न बोलता तीन गोष्टी लिहाव्यात. इच्छेचा असा सुटा, नेमका क्षण खरोखर जाणवला का? "आता उचलू" असे वाटून ते विरून गेले, असे किती वेळा झाले? आणि क्षण शोधायला सांगितले होते म्हणूनच तो सापडला, असे तर वाटले नाही?

बहुतेकांना दिसते ते असे की इच्छेला ठळक सुरुवात नसते. ती हळूहळू दाटते, कधी ओसरते, आणि बोट उचलले गेल्यावर आपण मागे जाऊन तिची वेळ ठरवतो. लिबेट यांच्या प्रयोगातील दोन आकड्यांपैकी एक यंत्राने मोजलेला आहे आणि दुसरा या अशा आठवणीतून आलेला आहे, हे हाताने करून पाहिल्याशिवाय मनावर ठसत नाही. याच बैठकीत आणखी एक प्रश्न टाकावा: बोट उचलण्याचा निर्णय खरे तर कधी झाला? प्रयोगात भाग घ्यायचे कबूल केले, सूचना समजून घेतल्या आणि खुर्चीवर येऊन बसलो, तेव्हाच तो बहुतांशी झाला होता. शिल्लक होता तो केवळ या क्षणी की पुढच्या क्षणी एवढाच भाग, आणि त्यात एक क्षण निवडून दुसरा सोडण्याला कोणतेही कारण नव्हते.

लिबेट यांनी स्वतः इच्छास्वातंत्र्य नाकारले नव्हते, हेही वहीत नोंदवावे. शेवटच्या क्षणी हालचाल रोखण्याचा अधिकार जाणिवेकडे राहतो, असे त्यांचे मत होते.

पुढचे प्रयोग कसे वाचावेत

२००८ साली मेंदूशास्त्रज्ञ जॉन-डिलन हेन्स यांच्या गटाने एमआरआयच्या साहाय्याने, डावे बटण दाबले जाईल की उजवे याचा अंदाज, निर्णयाची जाणीव होण्याच्या काही सेकंद आधीच बांधता येतो, असे दाखवले. बातम्यांत आले ते "सात ते दहा सेकंद आधी" हे शब्द. वाचकाने पाहायचा आकडा दुसराच आहे: तो अंदाज शंभरपैकी सुमारे साठ वेळा बरोबर येत होता, आणि दोनच पर्याय असताना डोळे मिटून सांगितले तरी पन्नास वेळा बरोबर येतो. अंदाज अचूक असता तरी त्यावरून सगळे सिद्ध झाले नसते. रविवारी सकाळी पोहे-जिलेबी आणायला निघालेला आपला भाऊ कोणत्या दुकानापुढे उभा राहील, हे त्याची बायको यंत्राशिवाय सांगू शकते. तिला त्याचा स्वभाव माहीत आहे म्हणून त्याची निवड त्याची राहत नाही, असे कोणी म्हणत नाही. कोणत्याही बातमीत हे दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: नुसत्या अंदाजापेक्षा किती बरे, आणि अंदाज करता येणे व सक्ती असणे यांत गल्लत झाली आहे का.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो २०१२ च्या शोधनिबंधाला. ऍरन शुर्गर, जाकोबो सिट आणि स्टानिस्लास देहान या मेंदूशास्त्रज्ञांनी रेडिनेस पोटेन्शियलच्या मूळ चढाचाच अर्थ नव्याने लावला. हा चढ एका हालचालीच्या नोंदीत स्पष्ट दिसत नाही; मेंदूतील इतर विद्युत् गोंगाटात तो बुडून जातो. म्हणून अनेक हालचालींच्या नोंदी, हालचालीचा क्षण एका रेषेत ठेवून, मागच्या दिशेने जुळवतात आणि त्यांची सरासरी काढतात. आता इंदूरजवळच्या यशवंत सागर धरणाचा विचार करावा. पावसाळ्यात पाण्याची पातळी कधी चढते, कधी उतरते, आणि ठरावीक खुणेवर गेली की दरवाजे उघडतात. समजा, कोणी फक्त दरवाजे उघडलेले दिवस निवडले, ते एका रेषेत ठेवले आणि त्यांच्या आधीच्या आठवड्याच्या पातळीची सरासरी काढली, तर त्याला एक सुरेख, संथ चढ मिळेल. त्यावरून दरवाजे उघडण्याचा निर्णय आठवडाभर आधी झाला होता असे म्हणता येणार नाही, कारण पातळी तशीच चढून पुन्हा उतरली आणि दरवाजे बंदच राहिले, असे दिवस या हिशोबात घेतलेलेच नाहीत. शुर्गर आणि सहकाऱ्यांचे म्हणणे याच प्रकारचे आहे: मेंदूतील क्रिया आपोआप वरखाली होत असते, हालचाल केव्हा करायची याला काही कारण नसेल तर त्या चढउतारावरच ती वेळ ठरते, आणि उंबरठा ओलांडला जाणे हाच निर्णय असतो. मग निर्णय आणि जाणीव यांतील अंतर पुष्कळच आकसते.

हे स्पष्टीकरण सर्वांनी मान्य केले आहे असे नाही, परंतु २०१६ सालचा एक प्रयोग त्याच्याशी जुळतो. बर्लिनमधील संशोधकांनी असा संगणक लावला की जो हा चढ ओळखून लगेच थांबण्याचा इशारा देत असे. चढ सुरू झाल्यावरही लोकांना हालचाल रद्द करता येत होती, आणि हालचालीपूर्वी सुमारे २०० मिलिसेकंद उरेपर्यंत ती मुभा टिकत होती. चढ सुरू झाला म्हणजे बाण सुटला, असे नव्हे.

आणि शेवटी मेंदूशास्त्रज्ञ उरी माओझ यांच्या गटाचा २०१९ चा अभ्यास. त्यात लोकांना दोन सेवाभावी संस्थांपैकी एक निवडायची होती. काही वेळा निवडलेल्या संस्थेला खरोखर १,००० डॉलर मिळणार होते. काही वेळा काहीही निवडले तरी दोघींना सारखीच रक्कम मिळणार होती. निवड निरर्थक होती तेव्हा रेडिनेस पोटेन्शियल नेहमीसारखे दिसले, आणि निवडीला अर्थ होता तेव्हा ते जवळजवळ दिसलेच नाही. यावरून इच्छास्वातंत्र्य सिद्ध होत नाही. विचारपूर्वक घेतलेला निर्णयही मेंदूतच घडतो. सिद्ध होते ते एवढेच की बोट उचलण्यावरून काढलेला निष्कर्ष लग्न, नोकरी, शिक्षण किंवा दान यांना सरसकट लावता येत नाही.

विरुद्ध बाजू तिच्या सर्वांत बळकट रूपात मांडावी

येथवर आल्यावर गटाला हायसे वाटते. तेव्हाच एकाने उठून खरा आक्षेप मांडावा, कारण तो लिबेट यांच्या घड्याळावर अवलंबून नाही. मी माझ्या स्वभावाप्रमाणे निवडतो. स्वभाव अनुवंश, बालपण, संगत आणि परिस्थिती यांनी घडवला. त्यांपैकी काहीही मी निवडले नव्हते. आणि स्वभाव बदलण्याचा प्रयत्न केला, तरी तो प्रयत्न करण्याची बुद्धी त्याच न निवडलेल्या स्वभावातून आली. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट सापोल्स्की याच वाटेने जाऊन इच्छास्वातंत्र्य पूर्णपणे नाकारतात.

या युक्तिवादाला मला उत्तर सापडत नाही, आणि ते शोधण्याची गरजही वाटत नाही. माणूस स्वतःचा आदिकर्ता नाही, हे मान्य करावे. परंतु ज्याला कारणे समजतात, जो ती तोलतो आणि नवे कारण पुढे आल्यास वेगळे वागू शकतो, आणि ज्याला यांतले काहीच जमत नाही, अशा दोन माणसांतील फरक त्यामुळे पुसला जात नाही. तो फरक मेंदूतच असतो, मोजता येतो आणि वाढवता येतो. डॅनियल डेनेट यांच्यासारखे तत्त्वज्ञ इच्छास्वातंत्र्य म्हणतात ते याच क्षमतेला, आणि मलाही तोच अर्थ टिकाऊ वाटतो. मात्र "स्वातंत्र्य नाही असे सांगितले तर लोक बिघडतील" हा मुद्दा बैठकीत वापरू नये. तसे सुचवणारा एक अभ्यास २००८ मध्ये गाजला होता, परंतु पुढे तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तोच परिणाम खात्रीने मिळाला नाही.

एक खरा निर्णय कागदावर उतरवावा

क्षमता मोजायची तर स्वतःचा निर्णय घ्यावा लागतो. त्यासाठी कागदावर पाच रकाने करावेत. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. पुष्कळ मराठी घरांत ही नावे पाठ असतात, आणि या कामाला ती फार चांगली बसतात. येथे ती शास्त्रार्थासाठी घेतलेली नाहीत, नोंदीच्या सोयीसाठी घेतली आहेत.

समजा, भंवरकुआं भागात खोली घेऊन मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीने, दोन प्रयत्न फसल्यावर, तयारी सोडून खासगी नोकरी धरली. अधिष्ठानाच्या रकान्यात शरीराची स्थिती येईल: निकालानंतर झोप उडाली होती, जेवण धड नव्हते, आणि निर्णय रात्री दोन वाजता झाला. कर्त्याच्या रकान्यात तिला स्वतःविषयी जे वाटत होते ते येईल, म्हणजे घरच्यांवर ओझे होऊ नये ही तिची जुनी धारणा. करणांत तिच्या हाताशी असलेली साधने येतील: शिल्लक पैसे, मिळालेले गुण, समोर आलेली नोकरी. चेष्टेत तिने प्रत्यक्ष काय केले ते येईल: कोणाला विचारले, कोणते आकडे पाहिले, काय पाहायचे टाळले. दैवात जे तिच्या हाती कधीच नव्हते ते सगळे येईल: जाहिरातीत निघालेल्या जागांची संख्या, वडिलांची निवृत्ती, जन्मतः मिळालेला चिंतातुर स्वभाव.

मग प्रत्येक नोंदीसमोर दोन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. ही गोष्ट वेगळी असती तर निर्णय बदलला असता का? आणि त्या वेळी ती मला दिसत होती का? ज्या गोष्टीने निर्णय बदलला असता, पण जी दिसतच नव्हती, तिथे स्वातंत्र्य कमी होते. रात्री दोनची वेळ बहुधा अशीच निघते. आणि जी दिसत होती, तोलली गेली होती, तिथे निर्णय मनापासून तिचा होता, जरी त्या गोष्टीवर तिची सत्ता नव्हती. हा कागद भरताना दैवाचा रकाना नेहमी सर्वांत लांब होतो. त्याने खचू नये, तसेच चेष्टेचा रकाना छोटा आहे म्हणून तो सोडूनही देऊ नये.

हे काम केल्यावर स्वातंत्र्य शेवटच्या अर्ध्या सेकंदात नसून कृतीच्या कितीतरी आधीच्या काळात पसरलेले असते, हे स्वच्छ दिसते. इंदूरचेच उदाहरण घ्यावे. २०१७ पासून वर्षानुवर्षे हे शहर स्वच्छ सर्वेक्षणात पहिले आले. हातातला कागद रस्त्यावर टाकू की नको, असा तोल प्रत्येक वेळी सांभाळून ते घडले नाही. घरोघरी गाडी येऊ लागली, ओला आणि सुका कचरा वेगळा मागितला जाऊ लागला, आणि हात आपोआप योग्य डब्याकडे वळू लागला. आधी जाणीवपूर्वक केलेल्या व्यवस्थेने नंतरच्या आपोआप होणाऱ्या कृतीला वळण दिले.

हेच एका माणसाच्या बाबतीत करायचे तर मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अभ्यासलेली "जर-तर" पद्धत वापरावी. तिच्यावरील ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि नुसत्या संकल्पापेक्षा अशा योजनेने ध्येय गाठण्याचे प्रमाण चांगले वाढते, असे त्यात दिसले. मधुमेह असलेल्या काकांनी "सराफ्यात गेलो तर गोड कमी खाईन" असे ठरवणे पुरत नाही, कारण रात्री इंदूरच्या या खाऊबाजारात गराडूचा कंद तळला जात असताना आणि शेजारच्या कढईतून जिलेबी निघत असताना हा संकल्प आठवावा लागतो, आणि नेमका तेव्हाच तो आठवत नाही. "सराफ्याच्या तोंडाशी पोहोचलो, तर आधी भुट्ट्याच्या किसाच्या दुकानी जाऊन अर्धी प्लेट घेईन, आणि कोणी जिलेबी पुढे केली, तर तिला हात न लावता पाणी मागेन," असे जागा, खूण आणि कृती यांच्यासह लिहावे. खूण दिसताच कृती घडते. तिथे विचार करावा लागत नाही, कारण विचार घरी, भूक नसताना करून झालेला असतो.

दुसऱ्याला दोष देण्यापूर्वी

ही पद्धत दुसऱ्यांना लावताना अधिक जपावे लागते. क्षमता कमी-जास्त असते, हे आपला कायदाही मानतो: भारतीय न्याय संहितेच्या कलम २० प्रमाणे सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नाही, कलम २१ प्रमाणे सात ते बारा वर्षांच्या मुलाची समज पाहिली जाते, आणि कलम २२ मनोविकलतेमुळे कृत्याचे स्वरूप कळण्यास असमर्थ असलेल्या माणसाला संरक्षण देते. घरात मात्र आपण इतका विचार करत नाही. पार्किन्सनसाठी प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल यांसारखी औषधे घेणाऱ्या काही रुग्णांत जुगाराची, खरेदीची किंवा खाण्याची अनावर ओढ निर्माण होते, आणि औषध कमी केल्यावर ती बहुधा ओसरते. तोवर घरच्यांनी त्या माणसाला बेजबाबदार ठरवलेले असते. मेंदूच्या कपाळामागील भागाला ग्रासणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात तर स्मरणशक्ती बरीच शाबूत असताना आधी वागणे बिघडते, म्हणून आयुष्यभर मर्यादेने वागलेले आजोबा चारचौघांत काहीही बोलू लागले, तर तो हेकटपणा समजला जातो.

तेव्हा उतारवयात किंवा नवे औषध सुरू झाल्यावर कोणाचे वागणे त्याच्या आजवरच्या स्वभावाशी विसंगत होऊ लागले, तर बदल कधी सुरू झाला, कोणत्या प्रसंगी दिसतो आणि समजावून सांगितल्यावर काही काळ तरी फरक पडतो का, हे तारखांसह लिहून ठेवावे. तो कागद आणि चालू औषधांची यादी घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे, आणि त्यांचा सल्ला मिळेपर्यंत पार्किन्सनचे औषध आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. पैशांचे व्यवहार मात्र तोवर घरातील दुसऱ्या जबाबदार माणसाने, शक्यतो त्यांच्या संमतीने, हाती घ्यावेत.